एकाहत्तर किलो

वजनमापे खात्यात एकोणीस वर्षं काढल्यावर माणसाचा हात शहाणा होतो. दुकानदारानं पुढे केलेला पुडा नुसता हातात घेऊन हा निरीक्षक सांगायचा, "वीस ग्रॅम कमी आहे." काटा आणला की वीसच निघायचे. बाजारात त्याच्या पाठीमागे त्याला 'काटा' म्हणत, आणि हे त्याला माहीत होतं, आवडतही होतं.

बेचाळिसाव्या वर्षी त्यानं राजीनामा दिला आणि विमान चालवायला शिकू लागला. सासऱ्यांनी दोन दिवस अबोला धरला. बायको एका शाळेची मुख्याध्यापिका होती. ती एवढंच म्हणाली, "आजवर भल्याभल्यांना जमिनीवर आणलंस, आता स्वतः वर जाऊन बघ." मग तिनं त्याला नवा डबा आणि नवी वॉटरबॅग घेऊन दिली, पहिलीतल्या मुलाला देतात तशी.

तो सुखात होता, हे सांगायलाच हवं. विमानं ठेवायच्या हँगरमधला तेलाचा वास, सकाळची ओली धावपट्टी, दोन सीटचं लहानसं विमान, सगळं त्याला आवडायचं. रात्री पाठ टेकली की झोप लागायची. घोर एकच होता, तो वयाचा. ज्या विमान कंपनीनं त्याला तोंडी होकार दिला होता, ती पंचेचाळिशी ओलांडलेला नवा माणूस घेत नसे. शेवटच्या परीक्षेत एकदा जरी घसरला तरी पुन्हा बसेपर्यंत दार बंद झालं असतं.

शिकवणारी वैमानिक सत्तावीस वर्षांची होती. तो तिला मॅडम म्हणे, ती त्याला काका म्हणे. पहिल्यांदा एकट्यानं उडायचा दिवस आला तेव्हा ती खाली उतरली, आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा नीट लावला, हिसका देऊन पाहिला.

"माझं वजन गेलं म्हणजे विमान एकदम हलकं लागेल, काका. लवकर उचलेल. दचकू नका."

"तुमचं वजन ते किती, मॅडम? चोपन्न."

"बायकांचं वजन असं चारचौघांत सांगत नाहीत," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

विमान हलकं झालं नाही. धावपट्टीवर ते रोजच्यापेक्षा जास्त पळालं, सावकाश उठलं, आणि वर चढतानाही रेंगाळलं. समोरचा दांडा हाताला जड लागत होता. त्यानं उजवीकडे पाहिलं. सीट रिकामी होती, पट्टा सपाट पडला होता. त्याच्या हातानं आपलं काम चोख केलं: चोपन्न उतरले होते, आणि एकाहत्तर चढले होते.

विमान त्यानं अलगद उतरवलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्यानं वाऱ्याचा वेग तपासला, तापमान पाहिलं, टाकीत काडी घालून इंधन मोजलं. विमानाचं वजन करायची वेळ आली तेव्हा तो मेकॅनिकच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तीन चाकांखाली तीन काटे. ते काटे त्यानं आधी प्रमाणित वजनं ठेवून तपासले, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, खातं सोडलंत ना?" काटे बरोबर होते. विमानाचं वजनही कागदाबरहुकूम भरलं, ना किलो इकडे ना तिकडे.

जमिनीवर काहीच नव्हतं. तो एकटा वर गेला की मात्र एकाहत्तर किलो असायचेच.

सांगणार कुणाला? वैद्यकीय तपासणीच्या डॉक्टरला सांगितलं असतं तर त्यानं मान हलवून एक शिक्का मारला असता आणि उडणं तिथेच संपलं असतं. त्यानं कुणालाच ताकास तूर लागू दिली नाही, बायकोलाही नाही. ते वजन धरून चालायला तो शिकला. त्या वजनानं त्याला कधी त्रास दिला नाही. सोबत असल्यासारखंच वाटे, आणि हे कबूल करायची त्याला थोडी लाजही वाटे.

परीक्षेचा दिवस उजाडला तेव्हा पंचेचाळिशीला सव्वीस दिवस उरले होते.

परीक्षक भारदस्त गृहस्थ होते आणि मोजकंच बोलत. उजवी सीट त्यांनी भरून टाकली. निरीक्षकाला बरं वाटलं. आता तिथे दुसऱ्या कुणाला जागा नव्हती. त्यानं दोघांची वजनं, इंधन, सगळं कागदावर लिहिलं. विमान किती अंतरावर उचलेल तेही लिहिलं. परीक्षकांनी सही केली.

विमान धावू लागलं. दांडा हातात आला, तो जडच. एकाहत्तर किलो होतेच.

कागदावरची जागा जवळ आली.

"उचला," परीक्षक म्हणाले.

"नाही सर. अजून नाही."

त्या जागेची खूण असलेला पांढरा फलक मागे गेला.

"अहो, उचला म्हणतोय ना!"

"थांबा, सर."

धावपट्टीचं टोक दिसायला लागलं. पलीकडचं कुंपण दिसायला लागलं. त्याच्या हाताला अजून होकार मिळाला नव्हता.

मग मिळाला.

विमान कुंपणावरून गेलं, सावकाश, पण गेलं.

खाली आल्यावर परीक्षकांनी कागदावरचे आकडे पुन्हा एकदा तपासले. शेवटी म्हणाले, "मी सांगितलं तिथे उचललं असतं तर आपटलो असतो. तुम्हाला कसं कळलं?"

"हाताला लागलं, सर."

त्यांनी कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं. उतरताना ते मांड्या चोळत होते. "मुंग्या आल्यात बघा. मुलगी लहान असताना प्रवासभर मांडीवर झोपायची, तेव्हा असं व्हायचं."

त्या दिवशी त्याला आकाश ठेंगणं झालं. कंपनीनं त्याला मुदतीत घेतलं, आणि तिथलं प्रशिक्षण संपवून दीड वर्षानं तो प्रवाशांच्या मोठ्या विमानात सहवैमानिक म्हणून बसला. साठ हजार किलोंच्या विमानात एकाहत्तर किलो म्हणजे दर्या में खसखस. हाताला काही लागलं नाही. संपलं एकदाचं, असं त्याला वाटलं, आणि जरा चुकल्यासारखंही वाटलं.

पहिली फेरी करून दुपारी तो विमानतळावरून निघाला. आठच दिवसांपूर्वी घेतलेली गाडी होती. बॅग डिकीत टाकून त्यानं गाडी सुरू केली. समोर लाल दिवा लागला आणि टुंग-टुंग वाजू लागलं: शेजारच्या प्रवाशानं पट्टा लावलेला नाही.

शेजारची सीट रिकामी होती. त्यानं गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. टुंग-टुंग चालूच.

थोड्या वेळानं त्यानं हात लांब करून पट्टा ओढला. रिकाम्या सीटला लागतो त्यापेक्षा तो वीतभर जास्त ओढावा लागला. पट्टा बसला आणि आवाज थांबला.

शाळेच्या फाटकाशी बायको उभी होती. तिनं पुढचं दार उघडलं, क्षणभर थबकली, हलकेच लावलं आणि मागे जाऊन बसली.

"पुढे का नाही बसलीस?"

"पुढे कुणाच्या मांडीवर बसू?" ती म्हणाली. "कशी झाली फेरी? मला सगळं सांग."

त्यानं आरशात पाहिलं. ती खुशीत होती. पर्स मांडीवर घेऊन तिनं गुडघे एका बाजूला वळवून घेतले होते, पुढच्याच्या पाठीला लागू नयेत म्हणून.