धुक्यातलं वासरू

“मेलेलं वासरू कधी उभं राहतं का? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, बेकतूर?” एल्दान खो खो हसत सुटला.

“उभं होतं म्हणून तर सांगतोय! कपाळावर पांढरा ठिपका, उजवा कान फाटलेला. आपलंच!” दहा वर्षांचा बेकतूर रडकुंडीला आला. “घळीजवळ, धुक्यात. मी हाक मारली, तर मानसुद्धा हलवली नाही त्याने!”

एल्दान हा बेकतूरचा मामेभाऊ, सुट्टीला बिश्केकहून आलेला. भूतबित काही नसतं, असं तो छाती काढून सांगायचा. बेकतूरच्या अंगणातल्या कोंबड्याला मात्र जाम टरकायचा.

बेकतूरची तेरा वर्षांची बहीण सायकाल आलाबाश गाईच्या कासेखाली बादली धरून बसली होती. ती हसली नाही. दोन आठवड्यांपूर्वी ते वासरू तिच्याच मांडीवर डोकं टेकून मेलं होतं.

बादलीत थेंब पडेना.

“सोड तिला,” दारातून आके म्हणाले. वडिलांना ही मुलं आके म्हणत. “आटली ती. उद्या संध्याकाळी गाडी येतेय, बाजाराला धाडतो. दूध नसेल तर मांस. गाय आपण याच दोन गोष्टींसाठी पाळतो, पोरी.”

“पण आके, ती आपल्याच गोठ्यात जन्मलीय!”

“म्हणूनच इतके दिवस थांबलो,” आके म्हणाले आणि निघून गेले.

कुंपणापलीकडे शेजारच्या कानिशाय आपाचं पोरकं वासरू हंबरत होतं. त्याची आई विताना गेली होती आणि बाटलीच्या दुधाला ते तोंड लावत नव्हतं.

सायकालने बोटं नाकाशी नेली. “एल्दान, वास घे. लोणी! पिळण्यासाठी कुणीतरी हिच्या सडांना लोणी लावलंय. मी तर आठवडाभर लावलेलं नाही. आणि कास बघ, कशी लोंबतेय! पान्हा चोरला असता तर ती दगडासारखी झाली असती.”

“म्हणजे रानात कुणीतरी हिला पिळतंय?”

“पण वासरू पुढे असल्याशिवाय ती पान्हा सोडायचीच नाही!” बेकतूर म्हणाला आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकला.

दुसऱ्या दिवशी तिघं आलाबाशसह निघालेल्या गावच्या कळपामागोमाग गुपचूप डोंगरावर गेली. दुपार झाली तरी धुकं हटेना. आधी वाट दिसेनाशी झाली, मग पुढची मेंढरं, मग एकमेकांचे पायसुद्धा. सगळीकडे चिडीचूप होतं. एवढ्यात आलाबाशचा आवाज आला. हंबरणं नव्हतं ते. गाय फक्त आपल्या वासराशी बोलते, तसा घशातल्या घशातला हुंकार होता.

एल्दानने सायकालची बाही घट्ट धरली. मोठ्या बहिणीला ही मुलं एजे म्हणत. “एजे, घरी जाऊया?”

“कोंबडा आला वाटतं!” सायकाल म्हणाली आणि हुंकाराच्या दिशेने निघाली.

धुकं जरा विरळ झालं. घळीच्या तोंडाशी ते उभं होतं. तोच ठिपका, तोच फाटका कान. डोळ्यांच्या जागी नुसती दोन काळी भोकं. आलाबाश त्याची पाठ चाटत होती आणि ते हलत नव्हतं.

सायकाल पुढे झाली. तिने डोळे मिटून हात लावला. कातडं कचकचलं. पोटाच्या शिवणीतून गवत बाहेर आलं होतं. पाठीवर मीठ चोळलेलं होतं आणि चाटून चाटून केस गुळगुळीत झाले होते. सायकालला भडभडून आलं. “किती वेळा चाटलंयस गं याला तू!”

“एजे, इकडे!” खडकामागून बेकतूर कुजबुजला. तिथे एक बादली होती, दांड्याला लाल चिंधी बांधलेली. गावच्या गुराख्याची, मोल्दोशची! तो रोज हमरस्त्यावर ट्रकवाल्यांना साय विकायचा. दावणीला एकही गाय नसलेल्या माणसाकडे साय येते कुठून, हा प्रश्न गावात कुणालाच पडला नव्हता.

“आके विश्वास ठेवणार नाहीत. ते आणि मोल्दोश रोज एकत्र चहा पितात,” सायकाल म्हणाली. “एल्दान, धाव! आकेंना लांडगा आलाय म्हणून सांग. बेकतूर, तू या कातड्यात शिर.”

“मी? भुताच्या आत?”

“आता भूत तूच!”

गवत उपसलं गेलं. आत कुबट वास होता, काळोख होता. बेकतूरचे दात वाजू लागले. मग गरम श्वास आला आणि खरखरीत जीभ त्याच्या पाठीवरून फिरू लागली. पुन्हा पुन्हा, सावकाश. त्याची भीती कुठल्या कुठे गेली. त्याला नुसतं रडू येत होतं.

बऱ्याच वेळाने शीळ ऐकू आली. “ये गं राणी, बाळ वाट बघतंय तुझं,” मोल्दोश म्हणाला आणि बादलीत चर्र चर्र धारा वाजू लागल्या.

वाटेवर बंदूक घेतलेले आके दिसताच सायकालने खुणेचा खडा फेकला. वासराने हळूच मान वर केली.

“मोल्दोश काका, माझं दूध कुणाला विकता?”

“आई गं! मेलो!” मोल्दोश ठेचकाळत धावला तो थेट आकेंच्या अंगावर आदळला. आकेंनी अर्धी भरलेली बादली पाहिली, कातड्यातून निघणारा मुलगा पाहिला. त्यांना सगळं कळून चुकलं.

“कातडं टाकलंच होतंस तू, तेमीरबेक!” मोल्दोश आकेंना कसंबसं म्हणाला.

“कातडं टाकलं होतं. गाय नव्हती टाकली,” आके म्हणाले. मग त्यांनी मान खाली घातली. “माझी आई वासराच्या कातड्यात असंच गवत भरून तुलूप करायची, गाईने पान्हा सोडावा म्हणून तिच्यापुढे ठेवायची. मी आळस केला आणि गाईला आटली म्हणालो.”

संध्याकाळी गाडी आली तशीच रिकामी परतली. मोल्दोशची गुराख्याची काठीही गावाने काढून घेतली. सायकाल मात्र त्या कातड्याकडे बघत बसली होती.

“आता रोज आपण तिला फसवायचं, आके? गवत दाखवून?”

पलीकडे ते पोरकं वासरू पुन्हा हंबरलं. सायकाल ताडकन उठली आणि कातडं उचलून कुंपणाकडे धावली.

“ने बाई माझं वासरू,” कानिशाय आपा म्हणाली. “माझं लेकरू उपाशी आणि तुमची आई रिकामी.”

अंधारून आलेल्या अंगणातून कातडं पांघरलेलं ते वासरू निघालं. कपाळावर पांढरा ठिपका, फाटका कान लोंबत असलेला. या वेळी ते चालत होतं! आलाबाशने हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग घशातल्या घशात तो हुंकार आला आणि वासराने कासेला ढुशी दिली. त्याच्या तोंडाभोवती फेस जमला, शेपूट हलायला लागलं.

आकेंनी सायकालच्या डोक्यावर हात ठेवला. “उद्यापासून गोठ्यातलं काहीही तुला विचारल्याशिवाय करणार नाही.”

“आणि मी?” बेकतूर म्हणाला. “उभं होतं म्हणून आधी मीच सांगितलं होतं!”

“हो रे वासरा!” एल्दान म्हणाला. आलाबाशने चाटलेली बेकतूरची पाठ अजून ओली होती.