न जन्मलेल्याचा नंबर

समर्थ, मोबाईल पालथा ठेव. स्वराली, तूही जवळ बस. हे ज्याच्याबाबत घडलं, तो श्रेयांस आपल्या गल्लीतलाच. बेळगावच्या एका खासगी दवाखान्यात संगणक सांभाळायचा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री अडीचला तो तिसऱ्या मजल्यावर प्रिंटरची शाई बदलायला गेला. अतिदक्षतेच्या सहा खोल्या. दारं बंद, आवाज बाहेर येत नाही. सगळा भरवसा टेबलावरच्या सहा पडद्यांवर; पेशंटचे ठोके त्यांवर दिसायचे, आणि ते चालायचे एका सर्व्हरवर. टेबलाशी भैरवी सिस्टर.

"चहा घेणार का रं?"

"शाई बदलतो आन् घेतो, आक्का."

आता एक गोष्ट ऐका, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या सर्व्हरवर जे घडतं त्याची नोंद ठेवायला प्रोग्रॅम एक मदतनीस, म्हणजे छोटा प्रोग्रॅमच, जन्माला घालतो. यंत्र त्याचा नंबर कळवतं. जागा नसेल, जन्म झालाच नाही, तर कळवतं उणे एक. हा नंबर नव्हे, नकार आहे. मी छत्तीस वर्षं कारकुनी केली. आलेलं उत्तर न वाचता फाइलला लावणाऱ्याला आमच्याकडे मेमो मिळायचा. इथे अशांना पगारवाढ मिळते. धवल नावाच्या साहेबाने तो प्रोग्रॅम लिहिला होता. श्रेयांस त्याला दोनदा म्हणाला, "सर, नकार आला तर तो नंबर ठेवायचा न्हाय. दोन ओळी हाईत, घालतो."

"अरे, नकार कधी येतो का? नसती कामं काढू नकोस."

त्या रात्री बाराला नकार आला. प्रोग्रॅमने तोच मदतनीसाचा नंबर म्हणून टिपून ठेवला. दोन त्रेचाळीसला नोंदवही बदलायची वेळ झाली. जुन्या मदतनीसाला हुकूम गेला: थांब. आणि त्या यंत्रात उणे एकला दिलेला हुकूम तिथल्या सगळ्या प्रोग्रॅमना लागू होतो.

सगळे थांबले.

सहाही पडदे काळे. दिवे चालू. पंखा चालू. फक्त पडदे...

भैरवी उठली. पहिली खोली. दुसरी. तिसरी. चौथ्या खोलीत तारामती आक्का होत्या. निपाणीच्या. सकाळी घरी जायच्या होत्या.

ती चौथ्या खोलीत पोचली तेव्हा...

असो.

आठवड्याने भैरवीच्या हातात नोटीस: ड्यूटीवर झोप काढली. धवल म्हणाला, "नोंदीत बिघाड नाही. म्हणजे बिघाड झालाच नाही." नोंदणारा जन्मलाच नव्हता, नोंद कुठून असणार! श्रेयांसने डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. उत्तर मिळालं, तोंडी चालत नाही.

नोटिशीला जबाब मी लिहून दिला. चौकशीला भैरवीसोबत मीच बसलो. धवलने नोंदीचा कागद सही करून, पाकिटात सील करून दिला होता. त्याने स्वतःच सील तोडलं. कागद पाहिला. परत घडी घातली.

अध्यक्ष म्हणाले, "वाचा की."

तो वाचेना. मी हात पुढे करून कागद घेतला.

त्याच्या सहीखाली एक ओळ होती.

"२.४३. सर्व थांबले. खोली चार हाक मारते आहे. नोंदणारा: उणे एक."

भैरवी सुटली. धवलने राजीनामा दिला. फाशी न्हाय झाली, पोरांनो, बढती झाली. आता निपाणीच्या एका दवाखान्यात मोठा साहेब आहे. प्रोग्रॅम तोच नेला.

"त्या दोन ओळी घातल्या का?" काय गं स्वराली, लई भोळी आहेस. घातल्या असत्या तर मी आज बोललो असतो?

तो कागद चौकशीनंतर कुणी मागितला नाही. माझ्या कपाटात आहे. कुलूप लावून. किल्ली जानव्याला.

आज दुपारी उघडला.

सहीखाली आता ओळी दोन आहेत.

श्रेयांसला लगेच मोटारसायकलवर निपाणीला पाठवलं. मघाशी त्याचा फोन आला. दवाखान्याच्या फाटकावर अडवलाय. धवल साहेब म्हणतात, सकाळी या.

घे समर्थ, तूच वाच. मोठ्याने नको.

हो. खोली सात. बेळगावला सहाच होत्या.

तारीख नीट बघ... आजच्या रात्रीची आहे.

किती वाजले?