गाळणीवरचा गाळ

गुहेच्या तोंडाशी बांधलेल्या त्या प्रयोगशाळेत डॉ. मृदुला खासनीस यांचा एकच कायदा होता: गाळल्याशिवाय एक थेंबही सूक्ष्मदर्शकाखाली जायचा नाही. त्यांचे सहकारी डॉ. अझीम शिरगावकर मागून त्यांच्या सोवळ्याची थट्टा करत. बाईंना ते ठाऊक होतं.

तांबूस वटवाघळांचा शेवटचा नर कार्तिकात मेला. उरल्या पाच माद्या आणि त्याच्या गोठवलेल्या शुक्राणूंच्या सहा नळ्या. जात टिकणार ती त्यांच्यावरच. पण वितळवले की शुक्राणू सैरावैरा धावत, असेल नसेल ती साखर जाळत आणि पंधरा मिनिटांत मरत. चार नळ्या अशाच वाया गेल्या.

फाल्गुनात खासनीसांनी चार माद्यांच्या जननमार्गातला द्रव धुऊन काढला, गाळला आणि त्यात पाचवी नळी सोडली. शुक्राणू निपचित पडले. तीन दिवसांनी दुसऱ्या रसायनाने जागवले, तर झकास पोहू लागले.

"या द्रवाने त्यांचं चयापचय मंद केलंय," अझीम म्हणाले. "मारलं नाही, झोपवलंय. पण मादीला असा द्रव लागतोच कशाला?"

"ते नंतर बघू. मला आणखी द्रव हवाय."

पाचवी मादी तेवढी उरली होती. तिचं नाव चावरी. तिने आजवर कुणाही माणसाला जवळ येऊ दिलं नव्हतं. खासनीसांनी जाड हातमोजे मागवले.

अझीमना मात्र तो प्रश्न स्वस्थ बसू देईना. झोपवणारा पदार्थ गाळातही असेल, म्हणून त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून जुन्या गाळण्या काढून पाहिल्या. चारही गाळण्यांवर शुक्राणू होते, वाळून मेलेले.

"आपल्या नळीतले असतील," खासनीस म्हणाल्या.

"द्रव गाळला तेव्हा नळी उघडलीच नव्हती, बाई."

मग अझीमनी सावकाश सांगितलं. पिल्लांना किडे लागतात, किडे पावसाळ्यात मिळतात. म्हणून मीलन थंडीच्या आधी आणि गर्भ चैत्रात. मधले महिने शुक्राणू मादीच्या पोटात झोपून काढतात. नर मेला, पण त्याचे शुक्राणू पाचही जणींकडे होते.

"आणि चौघींना मी धुऊन काढलं," खासनीस म्हणाल्या. आपल्या स्वच्छतेची त्यांना त्या दिवशी प्रथमच शिसारी आली. हातमोजे त्यांनी कपाटात टाकून कुलूप लावलं.

आषाढात चावरीच्या पोटाला एक पिल्लू बिलगलेलं दिसलं. ते नर निघालं. हे जवळ जाऊन पाहिल्याची खूण खासनीसांच्या बोटावर आठवडाभर होती.