बांधलेली शीव

मी नर्स आहे. धानोऱ्याजवळच्या गावांत लोकांच्या डोक्यातली भुतं उतरवण्यातच माझा अर्धा दिवस जातो. त्यामुळे गालातल्या गाठीला सुई नको म्हणून सासरे, सुकलूमामाजी, अडून बसले तेव्हा माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळताना कोणाला विचारलं नव्हतं त्यांनी.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, हे औषध गाठीला मारत नाही. ते शरीराच्याच पहारेकऱ्यांना जागं करतं. मग ते परकं काय ते ओळखतात आणि मारतात. मामाजींना काही पटेना. शेवटी मी त्यांच्या भाषेत सांगितलं, "आखाडीत गाव बांधता ना तुम्ही? तसंच हे. आम्ही तुमच्या अंगाची शीव बांधून राह्यलो. रोगराई बाहेर."

ते लगेच तयार झाले. आमच्याकडे आषाढात शीव बांधण्याआधी गावपुजारी आतल्या माणसांची नावं घेतो. ज्याचं नाव राहिलं, तो बाहेरचा. सुई टोचायच्या आधी मामाजींनी मला विचारलं, "आत कोणाकोणाले धरू, बाई?"

"कोणालेच नाई," मी वैतागून म्हणाले. "अंग तुमचं, तुम्ही एकटेच."

गाठ विरघळली. मी गावभर मिरवलं.

पावसाळ्यात मात्र मामाजींच्या दंडावर डास बसायचे आणि टपकन खाली पडायचे. औषधाचा अंश असेल, मी म्हटलं. मग त्यांचा हात चाटणारा कुत्रा गोठ्यामागे मेलेला सापडला. मग सासूबाईंनी त्यांच्या पाठीला तेल चोळलं, आणि सासूबाईंच्या तळव्यांची कातडी भाजल्यासारखी सोलून निघाली. मामाजींच्या पाठीवर साधं पुरळसुद्धा नव्हतं. डॉक्टरांना फोन केला, तर असं कधी होत नाही म्हणाले. ते मलाही ठाऊक होतं. तरी मी घाबरले होते.

मामाजींनी आपली खाट गोठ्यात हलवली. "करिष्माले सांभाळ," ते लांबूनच म्हणाले. करिष्मा माझी चार वर्षांची पोर. आजोबांच्या मांडीवर बसल्याशिवाय तिच्या तोंडात घास जात नसे.

त्या दुपारी ती माझा हात सोडवून गोठ्याकडे धावली.

"इकडे नको येऊ!" मामाजी ओरडले आणि मागे सरकले. मागे भिंत होती.

मी काही वेळेत पोचणार नव्हते.

पुजाऱ्याला आयुष्यभर हसलेली मी जिवाच्या आकांताने ओरडले, "तिले आत घ्या! मामाजी, करिष्मा आतली आहे!"

त्यांनी डोळे मिटले. तिचं नाव घेतलं.

ती मांडीवर चढली. त्यांच्या गळ्यात हात टाकून हसली. तिला काही झालं नाही.

मी रडतच पोचले आणि तिला उचलायला वाकले.

करिष्मा माझ्यापासून मागे सरली.

"हात नको लावू, आई," ती समजुतीने म्हणाली. "तुले लागन."