एकोणीस दोनदा

माणूस खोटं बोलेल, गुडघा कधीच बोलणार नाही. या एका सत्यावर व्यायामबाईंनी आपली सव्वीस वर्षांची नोकरी उभी केली होती. घरोघरी जाऊन मुलांचे आखडलेले हातपाय सोडवायचे, कोन मोजायच्या पट्टीनं मोजायचे, आकडा लिहायचा आणि पुढच्या घराचा जिना चढायचा. पट्टी सोडून त्यांनी कशावर विश्वास ठेवला नव्हता. ऑफिसच्या घड्याळावर नाही आणि नवऱ्याच्या डाएटवर तर मुळीच नाही. हे सत्य एका गुरुवारी सकाळी साडेदहाला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, चटईवर बसल्या बसल्या निकालात निघालं.

खोली हवालदारची होती. हवालदार सात वर्षांची. जन्मापासून तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे. जिभेचं मात्र तसं काही नव्हतं. पलंगावर पडल्या पडल्या ती सगळ्या घराला हुकूम सोडायची, म्हणून आईनंच तिचं हे नाव ठेवलं होतं.

बाईंच्या पिशवीत एक फॉर्म होता. सलग तीन तपासण्यांत प्रगती नाही, सबब फाईल बंद. फाईल बंद म्हणजे बाईंचं येणं बंद, आणि कोपऱ्यातली उभं राहायची लाकडी फ्रेम परत स्टोअरला जमा. त्या फ्रेममध्ये छातीला पट्टा बांधून उभं केलं की हवालदारला खिडकीतून खालचा रस्ता दिसायचा. एरवी तिच्या वाट्याला फक्त छत.

"व्यायाम झाले?" बाईंनी विचारलं.

"खोटं कशाला सांगू, बाई?" आईनं प्लास्टरमधला हात वर केला. "घसरून पडले त्याला तीन आठवडे झाले. एकदाही करून घेतले नाहीत. फ्रेमकडे तर बघितलंसुद्धा नाही. एका हातानं मला चहा गाळता येत नाही, तिला काय उभी करणार?"

बाईंनी हवालदारचा गुडघा सरळ केला. गेल्या तिन्ही वेळा तो सरळ व्हायला तीस अंश कमी पडले होते. आज वीस पडले. त्यांनी पट्टी पुसून पुन्हा मोजलं. वीस. पिशवीतली दुसरी पट्टी काढली. तिनंही वीसच सांगितले.

"कोणी करून घेतलं गं?"

"फ्रेममधलीनं," हवालदार म्हणाली. "फार खडूस आहे. दुपारी आई झोपली की सुरू. वीस होईपर्यंत पाय सोडायचा नाही म्हणते. आणि एकोणीस दोनदा म्हणते. चीटिंग!"

आई हसली. बाईंना हसू आलं नाही. मुलांचा पाय एक सेकंद जास्त ताणून धरता यावा म्हणून एकोणीस दोनदा म्हणायची लबाडी त्यांची स्वतःचीच होती. कुणीतरी तक्रार केली आणि त्यांनी ती सोडली, त्यालाही सहा-सात वर्षं झाली होती. तेव्हा हवालदार लंगोटात होती, आणि बाईंनी हे घर पाहिलंही नव्हतं.

त्या उठून फ्रेमपाशी गेल्या. हवालदारसाठी छातीचा पट्टा त्या चौथ्या भोकात लावायच्या. आता तो सातव्या भोकात होता. त्यांनी तो चौथ्यात आणला, फॉर्म न काढताच पिशवी बंद केली आणि ऑफिस गाठलं.

फ्रेमच्या पायावर नंबर होता. त्या नंबरानं स्टोअरच्या कपाटातून एक जुनी फाईल निघाली. मुलगी, वय नऊ. छातीचा पट्टा, सातवं भोक. खाली शेरा : प्रगती नाही, फाईल बंद. अक्षर बाईंचं. सही बाईंची. पुढे त्या मुलीचं काय झालं ते फायलीत नव्हतं. फाईल बंद झाल्यावर लिहायला जागा ठेवत नाहीत.

पुढच्या गुरुवारी ऑफिसचे साहेब जातीनं आले.

"सही का नाही केली?" जिना चढतानाच त्यांनी सुरुवात केली होती. दारात पोचेपर्यंत दम लागला, तरी विषय सुटला नाही.

"दहा अंशांची प्रगती आहे."

"आई म्हणते व्यायाम केले नाहीत. मग प्रगती कुठून आली? तुमची मोजणी चुकली. आणि व्यायाम करत नसतील तर त्या नियमानंही फाईल बंदच होते. बाई, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, कशाला डोक्याला ताप?"

"मी सही करणार नाही, साहेब. एकदा केलीय."

"मी फ्रेम देणार नाही," पलंगावरून हुकूम सुटला.

"ऐकलंत ना?" आई दारात आडवी उभी राहिली. "तिच्यापुढे या घरात माझंही चालत नाही."

साहेबांनी फ्रेमला हात घातला. अकरा किलोची फ्रेम जागची हलली नाही.

"स्क्रू मारलेत का जमिनीत?"

बाई जवळ गेल्या. पट्टा आठव्या भोकात होता. तो लोंबत नव्हता. रिकाम्या फ्रेममध्ये तो गोल, ताठ उभा होता, आत छाती असावी तसा. किंचित पुढे यायचा, किंचित मागे जायचा.

"लाकूड हवेनं फुगतं," साहेब म्हणाले. आवाज जरा बारीक आला.

बाईंनी पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली, रोज कुठल्याही मुलाच्या पट्ट्याखाली घालतात तशी. बोटं शिरेनात. आतून ऊब लागली.

"वाढलीय," त्या म्हणाल्या, आणि पट्टा नवव्या भोकात लावला.

पलंगावर हवालदारनं पाय ताणला आणि साहेबांकडे रोखून बघत मोजायला लागली. एक. दोन. तीन.

साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

सतरा. अठरा. एकोणीस.

हवालदार थांबली. तिनं ओठ घट्ट मिटले.

"एकोणीस," खोलीत कुणीतरी म्हणालं.

साहेबांनी आईकडे बघितलं, मग बाईंकडे, मग खाली पडलेलं आपलं पेन उचललं.

"वीस!" हवालदार म्हणाली आणि पाय सोडला.

बाईंनी नवा फॉर्म काढला. कारण : प्रगती चालू. साहित्य : जागेवर राहील. लाभार्थी संख्या : दोन. साहेबांनी तो आकडा वाचला. सही केली आणि कठड्याला धरून जिना उतरले.

संख्येप्रमाणे ऑफिसातून दर महिन्याला रोजच्या व्यायामाची खूण करायचे दोन तक्ते येतात. हवालदारच्या तक्त्यात रविवार कोरे असतात. दुसऱ्यात एकही दिवस कोरा नसतो.