वीतभर वर

माझी बायको भाजीवाल्याला ‘अरे’ म्हणते, दिराला ‘अरे’ म्हणते, शाळेतल्या शिपायाला आणि शेजारच्या बोक्यालाही ‘अरे’ म्हणते. मला मात्र ‘अहो’. लग्न झाल्यापासून सांगून पाहिलं, लाडीगोडी लावली, एकदा रुसूनही पाहिलं. तोंडात बसत नाही, म्हणते आणि हसते. गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी, पण मला ती सलायची. तिच्या कॉलेजातल्या मित्राचा फोन आला की ती ‘अरे, तू!’ म्हणायची आणि इकडे माझ्या पोटात दुखायचं. बोक्यावरही जळणारा माणूस आहे मी.

मी कान तपासतो. बंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचे आणि त्याला काय ऐकू येत नाही ते मोजायचं. आवाज कुठून निघतो, कुठे आपटतो, किती उरतो हे मला कळतं. भास कशाला म्हणतात तेही कळतं.

बायको भूगोल शिकवते. फळ्यावर जुने व्यापारी मार्ग काढताना तिचा खडू दरवर्षी एका शहरापाशी रेंगाळायचा. ते शहर पाहायला आम्ही एकदाचे गेलो. निळ्या फरश्यांचे घुमट, उन्हात तापलेले मिनार, विटांच्या कमानींखालून जाणारा लांबच लांब बाजार. उंटांचे तांडे जिथे उतरत ती सराई आमच्या हॉटेलसमोरच होती. तिच्या दारातल्या देवडीत घुमटाखाली चार कोपरे होते. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की तिरप्या रेषेत समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं, असं गाइडने सांगितलं. व्यापारी म्हणे इथेच भाव ठरवत आणि मधून जाणाऱ्याला पत्ता लागत नसे. मी लगेच बायकोला आवाजाची वाट समजावून सांगू लागलो. ती म्हणाली, “अहो, आधी उभे तर राहा.”

आम्ही एकमेकांकडे पाठ करून उभे राहिलो. भिंतीची फरशी गार होती आणि तिला ओल्या मातीचा वास होता. मी म्हणालो, “ऐकू येतंय का?” थोडा वेळ काहीच आलं नाही. मग अगदी कानाशी तिचा आवाज आला. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“अरे,” ती म्हणाली, “पुन्हा म्हण ना.”

मला इतका आनंद झाला की पुढे काही सुचेचना. मी नुसता उभा राहिलो. ती मात्र मधूनमधून हसत होती, हुंकार देत होती.

बाहेर उन्हात आल्यावर तिने माझा दंड धरला. चारचौघांत ती असं कधी करत नाही.

“तुम्हाला इतकं बोलता येतं, मला माहीतच नव्हतं,” ती म्हणाली. “हसताना माझा डावा डोळा आधी मिटतो, हे कधी पाहिलंत?”

कधीच पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. खरंच आधी मिटत होता.

मी एकच वाक्य बोललो होतो. पण तिचा हात दंडावर होता, आणि आयत्या बिळावर नागोबा व्हायला कोणाला नको असतं? मी मूग गिळून गप्प राहिलो.

जेवताना ती कौतुकाने बघत राहिली, अजून काहीतरी ऐकायच्या आशेने. मी दोनतीनदा तोंड उघडलं आणि हवापाण्याबद्दल बोललो. माझ्याकडे ते शब्दच नव्हते. ज्याच्याकडे होते, त्याच्या विचाराने माझा जळफळाट होऊ लागला. प्रतिध्वनी, दुसरा कोणी प्रवासी, गाइडची गंमत, सगळं लावून पाहिलं. पण तो आमच्या भाषेत बोलला होता, आणि त्या गावात ती भाषा फक्त आम्हा दोघांना येत होती.

सकाळी ती चहा अर्धा टाकून देवडीकडे निघाली, मागोमाग मीही. देवडीत दुसरं कोणी नव्हतं. ती तिच्या कोपऱ्यात गेली, मी माझ्या कोपऱ्यात उभा राहिलो आणि तोंडावर हात घट्ट दाबला.

“आलास?” भिंतीतून तिचा आवाज आला. “मला वाटलं, येत नाहीस.”

मग शांतता. समोरचा बोलत असताना आपण गप्प बसतो, तेवढी.

मग तिचं हसू.

हिशेब सरळ होता. तिला ऐकू येत होतं, म्हणजे बोलणारा माझ्याच कोपऱ्यात होता.

मी मान वर केली. निळ्या फरशीवर वाफ धरली होती, आरशावर श्वास सोडला की धरते तशी. माझ्या तोंडाच्या वीतभर वर.

वाफ विरली. पुन्हा धरली.

मी रुमालाने पुसली. रुमाल कोमट झाला.

तेवढ्यात तिचा आवाज आला, दबका, घाईचा.

“अरे, हळू बोल. ते ऐकतील.”

ते म्हणजे मी.

“मी आहे इथे!” मी ओरडलो. घुमट घुमत राहिला. ती वळली, ओढणी सारखी केली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “अहो, निघायचं का?”

परतीच्या वाटेवर मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, ती खोटं बोलत नाही.

घरी आल्यावर तिने ‘अरे’ म्हणायला सुरुवात केली. अरे, चहा घे. अरे, आज उशीर झाला ना? आवाज तोच, देवडीतला. माझी बहीण आली होती, तिला तर हसू आवरेना. दादाचं नशीब उघडलं, म्हणाली. मीही तिच्याबरोबर हसलो. इतकी वर्षं मागत होतो ते घरात आलं होतं. फक्त ‘अरे’ म्हणताना बायको माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. वीतभर वर बघत होती, आणि डावा डोळा आधी मिटत होता.

काल न राहवून मी म्हणालो, “अगं, मी इथे आहे. खाली.”

तिने नजर खाली आणली आणि दचकली.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही कधी आलात?”