स्वालानच्या पोटातलं लाल पाणी

“सिक्स्टेन, परत पाणी!” होडीत उडी मारल्या मारल्या इल्वा ओरडली. “सकाळीच तर उपसलं होतं!”

“मग उपस परत,” धक्क्यावर बसलेला तिचा मामेभाऊ लोणी लावलेला पाव चावत म्हणाला. “बाबा म्हणतात, लाकूड पाणी पितंय.”

ग्रोशेर बेटावर हे वाक्य शेंबड्या पोरालाही पाठ होतं. हिवाळाभर शेडमध्ये वाळलेली लाकडी होडी पाण्यात सोडली की दोनतीन दिवस ती गळायचीच. मग फळ्या फुगायच्या, फटी मिटायच्या आणि गळणं थांबायचं. पण या ‘स्वालान’ होडीला पाण्यात सोडून आज पाच दिवस झाले होते!

यंदा तोर्वाल्डमामाने तिचं इंजिनच हलवलं होतं. पूर्वी ते मधोमध असायचं. त्याचा लांबलचक दांडा होडीच्या बुडातून बाहेर निघायचा आणि त्याच्या टोकाला पंखा फिरायचा. मामाने दांडा काढला, इंजिन पार मागे नेलं आणि मागच्या फळीतून बाहेर एक भला थोरला लोखंडी पाय जोडला. पंखा आता त्या पायाला. पाय वळला की होडी वळणार, म्हणून सुकाणूही गेलं! १९६३च्या त्या उन्हाळ्यात अख्ख्या बेटावर अशी दुसरी होडी नव्हती. मामा नुसता हवेत होता.

आज दुपारी त्याच होडीतून नऊ माणसं चर्चला निघणार होती. तासाभराचा उघडा समुद्र. आणि त्या नवांत इल्वाचा दोन महिन्यांचा भाऊ होता, कारण बाप्तिस्मा त्याचाच होता. इल्वाला आठवलं, त्याला अजून धड मानही धरता येत नाही.

तिने तळाची फळी उचलली. “सिक्स्टेन, बघ! फटी सगळ्या कोरड्या आहेत. लाकूड पाणी प्यायलं तर ते जागोजागी पाझरेल ना? आणि ही पेन्सिलची रेघ बघ. काल पाणी इथवर यायला तास लागला होता. आज वीस मिनिटं!”

पाव सिक्स्टेनच्या तोंडातच राहिला.

दोघं धावत मामाकडे गेली. मामा आरशासमोर टाय बांधत होता.

“शिंगं फुटली वाटतं तुला!” तो इल्वाला हसत म्हणाला. “तुझ्या जन्माआधीपासून मी होड्या दुरुस्त करतोय. लाकूड पाणी पितंय, बाई!”

अंगणात आल्यावर इल्वा एकदम थबकली. “सिक्स्टेन... जुन्या दांड्याचं भोक तुझ्या बाबांनी कशाने बुजवलं?”

“कुणास ठाऊक! मी पाहिलं तेव्हा वरून लाल रंग मारून झाला होता.”

“अरे देवा! चल, आजीचा बीटचा डबा आण!”

“लोणच्याचा? आजी माझंच लोणचं घालेल!”

तरी त्याने आणला. इल्वाने तो लालभडक रस बाटलीत ओतला, तोंडावर अंगठा दाबला आणि कपड्यांनिशी पाण्यात उडी घेतली. पाणी बर्फासारखं गार! तिने बुडी मारली, बुडालगतचं ते जुनं भोक हाताने चाचपलं आणि अंगठा काढला.

तेवढ्यात मंडळी नटूनथटून धक्क्यावर आली. पुढे आजी, मागे बाळाला घेतलेली आई, शेवटी किल्ली फिरवत मामा.

“आलं! लाल आलं!” होडीतून सिक्स्टेन बेंबीच्या देठापासून ओरडला.

आजीने आत डोकावून पाहिलं आणि किंकाळीच फोडली. “रक्त! पोरगी कापली गेली!”

“रक्त नाही, तुझं बीट आहे, आजी!” पाण्याबाहेर डोकं काढत इल्वा कुडकुडत म्हणाली. “मामा, बाटली मी बाहेर धरली होती, जुन्या भोकापाशी. रस सरळ आत गेला! लाकूड पाणी पीत नाहीये!”

मामाच्या हातातली किल्ली थांबली. मग सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरचा रहाट फिरवून होडी दोराने उतारावर ओढून घेतली. मामा गुडघ्यांवर बसला आणि त्याने भोकावर बोट दाबलं. लाल रंगाचा पापुद्रा पुट्टीसकट गळून पडला आणि आतून काहीतरी करड्या रंगाचं, ओलंचिंब लोंबू लागलं.

“हा तर मी विणलेला मोजा!” आजी ओरडली.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. “तात्पुरता कोंबला होता,” तो पुटपुटला. “लाकडाची खुंटी बसवणार होतो. मग तो नवा पाय आला... रंगही मारला... आणि विसरलोच.”

आईने बाळाला छातीशी घट्ट धरलं. तासाभराच्या वाटेवर, मधोमध, हा मोजा निसटला असता तर? इल्वाच्या मनात तेच आलं आणि तिने पुढे होऊन बाळाची मूठ धरली.

आजीने स्वतःची शाल काढून तिच्याभोवती गुंडाळली. “माझ्या बीटचं यंदा सोनं झालं गं पोरी,” ती म्हणाली. “आणि सिक्स्टेन, तुझं लोणचं घालणं माफ!”

शेजाऱ्याच्या होडीतून पाद्रीबुवांनाच बेटावर आणलं. बाप्तिस्मा सफरचंदाच्या झाडाखाली झाला, बाळ मनसोक्त रडलं आणि हेरिंग मासे आणि बटाट्याच्या जेवणात बीट मात्र कुणालाच मिळालं नाही.

संध्याकाळी मामा शेडकडे गेला. दारावर त्याने तो मोजा खिळ्याने ठोकला आणि खाली खडूने लिहिलं : ‘लाकूड पाणी पितंय म्हणण्याआधी इल्वाला विचारा.’